दौलतरावांची तिसरी नळी

रिठदच्या दौलतरावांना चव्वेचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ आली, आणि तीही अर्धीच आली. अर्धी हिरडीच्या बाहेर, अर्धी हिरडीच्या आत, शिवाय आडवी. गावात कोणालाच याचं नवल वाटलं नाही. दौलतरावांनी हातात घेतलेली कुठलीही गोष्ट शेवटाला गेल्याचं गावाला आठवत नव्हतं. दाढ तरी वेगळी कशी निघावी?

त्यांच्या शेतात एक विहीर आहे. बत्तीस फुटांवर कातळ लागला तेव्हा ते सुरुंगवाल्याला बोलवायला म्हणून गेले, ते बोअरची चौकशी करून परत आले. पुढे बोअरही झाला नाही. आज विहिरीत उंबर आहे आणि उंबरावर पोपट आहेत. घराला जिना आहे. तो चौदा पायऱ्या चढून आभाळात थांबतो. पंचफुलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याच्यावर कुरड्या वाळवतात. संत्र्यासाठी दोनशे खड्डे खणले आणि ऐंशी कलमं लावली. उरलेल्या एकशेवीस खड्ड्यांत गावातली प्रत्येक शेळी एकदा तरी पडून आली आहे. शिक्षण बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत. सात दिवसांच्या पारायणाला बसले ते पाचव्या दिवशी उठले. लग्न तेवढं पूर्ण झालं, पण ते भटजींच्या ताब्यात होतं.

माणूस आळशी म्हणावा तर तसंही नाही. सुरुवात करण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या रिसोड तालुक्यात सापडणार नाही. अडचण एवढीच, की काम अर्ध्यावर आलं की कोणीतरी हाक मारतं आणि हाक आली की दौलतराव उठतात. पंधराव्या पायरीचा माल कालवून ठेवलेला असताना कोणाचा तरी बैल नाल्यात घसरला. बैल निघाला, माल वाळला. शेजाऱ्याची विहीर मात्र पूर्ण आहे, बारमाही पाणी आहे. तिच्यावर दौलतराव तीन महिने राबले होते. पण हे कोणी सांगत नाही. लोक जिना दाखवतात.

अशा माणसाला डॉक्टर निकिताने आपल्या अभ्यासासाठी निवडलं.

निकिता दातांच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घेत होती आणि प्रबंधासाठी वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात अक्कलदाढेचे पेशंट गोळा करत होती. तिला पंधरा बाया आणि पंधरा पुरुष हवे होते. वय पंचेचाळिसाच्या आत, आणि मुख्य अट म्हणजे तंबाखू नको. बाया पंधरा झाल्या. पुरुष चौदावर अडकले. अक्कलदाढ दुखणारे पुरुष रोज येत, पण ‘आ करा’ म्हटलं की तोंडातून आधी खर्रा निघे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ गालात धरून एकाने तर शपथेवर सांगितलं होतं, की आपण कसलंही व्यसन करत नाही.

दौलतरावांचा गाल मात्र स्वच्छ निघाला. निकिताला फार कौतुक वाटलं.

“काका, तुम्ही खर्रा कधीच खाल्ला नाही?”

“तीन डाव सुरू केला होता,” दौलतराव प्रामाणिकपणे म्हणाले, “पन टिकला नाई.”

व्यसनसुद्धा त्यांना शेवटाला नेता आलं नव्हतं.

मग निकिताने अभ्यास समजावून सांगितला. दाढ काढायची म्हणजे हाड थोडं कोरायचं. शरीराला ही जखमच. जखम झाली की आत एक प्रकारची झीज सुरू होते. तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. वांगं चिरून उघड्यावर ठेवलं की काळं पडतं, तसंच काहीसं शरीराच्या आत चालतं. त्याच्या खुणा लाळेत सापडतात. शस्त्रक्रियेआधी किती, दुसऱ्या दिवशी किती, आणि सातव्या दिवशी किती उतरल्या, हे मोजायचं. तीन वेळा, तीन नळ्या, प्रत्येकीत तीन मिली लाळ.

“म्हंजे माह्या तोंडातलं वांगं मोजनार तुमी,” दौलतराव म्हणाले.

“साधारण तसंच.”

“आन् थुकी कोनाच्या हाती तर नाई ना लागनार?” पंचफुलाबाईंनी विचारलं. त्यांच्या माहेरी थुंकी, नखं आणि केस परक्याच्या हाती देत नसत.

“लॅबमध्ये कुलपात राहील, काकू.”

कुलूप म्हटल्यावर पंचफुलाबाईंचं समाधान झालं. पण ‘तीन वेळा’ हा आकडा त्यांच्या मनात राहिला होता. त्या पुढे झुकून निकिताला म्हणाल्या, “बाई, तुमी लेकीसारख्या हा म्हनून सांगतो. दुसऱ्या कोनाले घ्या. हे दोन नळ्या देतीन. तिसरी नाई देनार.”

“तिसरी नाही मिळाली तर पहिल्या दोन काहीच कामाच्या नाहीत,” निकिता म्हणाली. “आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या नळ्या एकदमच तपासायला जाणार आहेत. एक माणूस कमी पडला तर मला परत सहा महिने थांबावं लागेल.”

“पाहा बरं,” पंचफुलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “पोरीचे सहा महिने हायेत. तुमचा जिना नाई हा.”

दौलतरावांना हे लागलं. खरं तर त्यांना असं रोजच बोललं जाई, पण परक्या पोरीसमोर पहिल्यांदाच. त्यांनी संमतीपत्र ओढून घेतलं, चारही पानं वाचली, प्रत्येक पानावर पूर्ण नाव लिहून सही केली आणि म्हणाले, “मॅडम, लिहून घ्या. तिन्ही नळ्या देतो. शब्द देल्ला.”

पहिली नळी तिथेच झाली. लाळ ओढून, खाकरून थुंकायची नाही. मान खाली घालून तोंड उघडं ठेवायचं आणि आपोआप गळेल तेवढी गळू द्यायची. दहा मिनिटं बोलायचं नाही. दौलतराव दहा मिनिटं न बोलता बसलेले पंचफुलाबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले. नळी भरल्यावर दौलतरावांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, “फॅट किती लागली?”

रोज सकाळी दोन म्हशींचं दूध डेअरीवर घालणाऱ्या माणसाला नमुना म्हटला की हाच प्रश्न सुचतो. निकिताने सांगितलं, की यात फॅट नसते. दौलतरावांना ते पूर्णपणे पटलं नाही.

दाढ निघाली. तिचे तीन तुकडे करावे लागले, दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी गाल असा सुजला की डाव्या बाजूने ते हुबेहूब सरपंचांसारखे दिसत होते, आणि बसमध्ये एकाने त्या बाजूने त्यांच्याकडे रस्त्याची तक्रारही केली. त्याच गालाने त्यांनी दुसरी नळी दिली.

सातवा दिवस मात्र सोयाबीनच्या मळणीवर आला. राजपालचं थ्रेशर गावात फिरत होतं आणि सगळ्यांचे नंबर लागलेले होते. आपल्या नंबरला माणूस हजर नसला की मशीन पुढच्याच्या खळ्यात जाई आणि चार दिवस परतत नसे. आभाळ तर चार दिवसांची हमी द्यायला तयार नव्हतं. दौलतरावांची सुडी, म्हणजे कापून रचलेला सोयाबीनचा ढीग, शेतात उघडी पडली होती. ताडपत्री अर्धीच पुरत होती.

निकिताने यावर तोड काढली. टाके एखादा दिवस उशिरा काढले तरी चालतील, लाळ मात्र सातव्याच दिवशी हवी. तिने नळी आणि बर्फाची छोटी पेटी देऊन ठेवली. सकाळी काही खाण्यापिण्याच्या आत नळी भरायची आणि डेअरीचं दूध वाशीमला नेणाऱ्या हरीओमच्या पिकअपमधून पाठवायची.

सातव्या दिवशी सहा वाजता दौलतराव ओट्यावर मान खाली घालून बसले. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं होतं. पंधरा मिनिटं झाली, लाळ दीड मिलीच्या रेघेवर. वीस झाली, तरी तिथेच. हरीओमने डेअरीसमोरून हॉर्न दिला.

“किती झाली?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

दौलतरावांनी बोटाने अर्धं दाखवलं.

“मले ठाऊकच होतं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. पण त्यांनाही आता त्या पोरीचं वाईट वाटत होतं. हॉर्न पुन्हा वाजला. मग त्यांनी तेच केलं जे रिठदच्या डेअरीवर गेली वीस वर्षं चालत आलं आहे. म्हैस आटत आली आणि दूध मापाला कमी पडलं, की शेजारच्या घरचं त्यात घालायचं आणि एका नावावर किटली भरायची. त्यात कोणी कोणाला फसवत नाही. दूध दोघांचंही चांगलंच असतं. पंचफुलाबाईंनी नळी हातात घेतली, भिंतीकडे तोंड केलं आणि नवऱ्याचं माप पूर्ण केलं. तीन मिली, रेघेवर.

“च्या नाई घेतला ना तू?” दौलतरावांनी काळजीने विचारलं.

“नाई घेतला. मी काय येडी हाओ?”

नळी बर्फात गेली, पेटी पिकअपमध्ये गेली, आणि दौलतराव समाधानाने खळ्याकडे निघाले. शब्द पाळल्याची भावना त्यांना नवीन होती. ती नेमकी कुठे ठेवावी हे त्यांना समजत नव्हतं. वाटेत भेटलेल्या दोघांना त्यांनी थांबवून सांगितलं.

सव्वासातला निकिताचा फोन आला. तिला फॉर्म भरायचा होता.

“काका, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?”

“पान्याचा थेंब नाई.”

“रक्त वगैरे आलं नाही ना लाळेत?”

“बिलकूल नाई. एक नंबर माल हाये. जराशी कमी पडून राह्यली होती, मंग घरातल्याची घातली. पन तिनंबी च्या घेतला नव्हता.”

फोनवर इतका वेळ शांतता पसरली की रेंज गेली असं वाटून दौलतराव बांधावर चढले.

“काका,” निकिता शेवटी म्हणाली, “दाढ तुमची काढली.”

“हो.”

“मग त्यात काकूंची लाळ कशी चालेल?”

दौलतराव बांधावर उभे राहिले. हे इतकं सरळ होतं, की त्यांनी दुसऱ्या हाताने आपलाच गाल चाचपून पाहिला.

“जाऊ द्या काका,” निकिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “काही हरकत नाही. तुम्ही दोन नळ्या दिल्या, तेही खूप झालं.”

दौलतरावांना शिव्यांची सवय होती. त्या कुठून आत शिरतात आणि कुठून बाहेर पडतात ते त्यांना ठाऊक होतं. ‘जाऊ द्या’ची सवय त्याहून जुनी होती. विहिरीच्या वेळी वडील तेच म्हणाले होते. बी.ए.च्या वेळी प्राचार्य तेच म्हणाले होते. पारायणाच्या वेळी महाराजसुद्धा तेच म्हणाले होते, आणि तेही किती मायेने.

“कितीपर्यंत चालते?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“थुकी. आज कितीपर्यंत घेता?”

“साडेनऊ. फार तर दहा. पण तोपर्यंत काहीच खायचं नाही, काका. आणि तुमची मळणी—”

“ठेवा,” दौलतराव म्हणाले.

खळ्यात राजपाल मशीन लावत होता. पंचफुलाबाई मजूर बाया घेऊन हजर होत्या. दौलतरावांनी झाला प्रकार सांगितला. पंचफुलाबाईंना पहिल्यांदा रागच आला, पण वेगळ्याच गोष्टीचा.

“माह्या थुकीत काय खोट हाये?”

“खोट नाई. तुई दाढ जाग्यावर हाये.”

राजपालने पाना खाली ठेवला. “भाऊ, तुमी आता थुकाले वाशीमले चालले? पंचवीस किलोमीटर?”

“हो.”

“अथी थुका ना, कोन अडवते!”

मजूर बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुडीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांच्या हिशेबात हा माणूस कामं अर्धी सोडून जाणारा होता. पण अर्धं सोडलेलं काम पुरं करायला निघालेला त्यांनी पाहिला नव्हता. मागे बोलावलं तर तो येईल हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“तुमी जा,” त्या म्हणाल्या. “मी हाओ इथं. आन् कोनी हाक मारली तं थांबू नका. मी मारली तरीबी नाई.”

दौलतरावांच्या मोटरसायकलमध्ये नेहमीप्रमाणे अर्धंच पेट्रोल होतं, आणि त्या अर्ध्यातलंही अर्धं काल कोणीतरी मागून नेलं होतं. आठ किलोमीटरवर गाडी थांबली. ती झाडाखाली लावून ते चालू लागले. सुदैवाने हरीओमची पिकअप गावोगावच्या डेअऱ्या घेत फिरते. आधी निघूनही ती नेहमी सगळ्यांच्या मागे असते. अर्ध्या तासाने ती मागून आली.

“काका, नळी पाठवली ना तुमी? मंग सोता कायले चालले?” हरीओमने विचारलं.

“ते दुधासारखी मिसळली गेली,” दौलतराव म्हणाले. हरीओम वीस वर्षं दुधाच्या धंद्यात होता. त्याने पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या प्रत्येक डेअरीवर चहा आला. आपल्याकडे समोर आलेला चहा नाकारणं म्हणजे घरोब्यावर पाणी सोडणं. एका गावात तर दौलतरावांच्या साडूचे मावसभाऊ निघाले. त्यांनी बशीच यांच्या तोंडाला लावली. दौलतरावांनी दात घट्ट मिटले. “नाराजी हाये का काही?” मावसभावांनी विचारलं. “नाई.” “मंग काहून नाई घेत?” खरं कारण सांगितलं असतं तर समजावण्यात अर्धा तास गेला असता. दौलतराव पिकअपमध्ये जाऊन बसले. पिकअप निघाली तेव्हा मागे नात्यात एक तडा पडलेला होता. पुढे तो बुजवायला त्यांना एक वांग्याची पार्टी द्यावी लागली.

नऊ चाळीसला ते दवाखान्याच्या खुर्चीत बसले. निकिताने नवी नळी हातात दिली.

“आलात तुम्ही,” ती म्हणाली, आणि लगेच, “आता बोलू नका.”

वाऱ्याने आणि धुळीने तोंड सोलापुरी चादरीसारखं खरखरीत झालं होतं. मान खाली. तोंड उघडं. पाच मिनिटांत तळाला एक थेंब. बाहेर बाकावर कोणीतरी कैरीच्या लोणच्याचा विषय काढला. निकिता धावत जाऊन त्यांना गप्प करून आली, कारण लाळ आपोआप यायला हवी, लोणच्याच्या आठवणीने नव्हे.

नऊ एकावन्न. अर्धी नळी. दीड मिली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

हीच ती वेळ होती. पंधराव्या पायरीच्या वेळी असाच आवाज आला होता, तेव्हा फोन नव्हता, नुसती हाक होती. दौलतरावांचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला. मशीन बंद पडलं असेल. पाऊस आला असेल. कोणाचा तरी बैल कुठेतरी घसरला असेल. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.  निकिता नळीकडे पाहत होती.

दौलतरावांनी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले.

दोन मिली. फोन तिसऱ्यांदा वाजला. अडीच. फोन दमला. नऊ सत्तावन्नला लाळ तीनच्या रेघेला टेकली.

“झालं काका,” निकिता म्हणाली. “काका, झालं. बस.”

दौलतरावांनी मान वर केली नाही. लाळ तीनच्या रेघेपुढे सरकली, सव्वातीनवर गेली, तेव्हा कुठे निकिताने नळी त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतली आणि बूच लावलं. त्यावर चिकटपट्टी लावून तिने लिहिलं: तीस, तीन. तिसावा पेशंट, तिसरी नळी. मग ती पट्टीकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

“फॅट,” दौलतरावांनी घसा साफ करत विचारलं, “किती लागली?”

“चांगली लागली असणार,” निकिता म्हणाली.

त्यांनी घरी फोन लावला. मागे मशीनचा आवाज नव्हता.

“झालं?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“झालं.”

“पुरं?”

“वरून थोडं जास्तीच.”

 मग पंचफुलाबाई म्हणाल्या, “मशीनचा पट्टा तुटला. अर्धी सुडी झाली, अर्धी राह्यली. राजपाल म्हने पट्टा वाशीमलेच भेटते. त्याच्यासाठीच फोन करून राह्यली होती. पन तुमी उचलला नाई.”

“तूच म्हनली होती.”

“म्हनून तं खरं नाई वाटून राह्यलं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “आता पट्टा घेऊन या. आभाळ काळं होऊन राह्यलं. आन् च्या प्या आधी.”

“काका, आलाच आहात तर टाकेही काढून टाकू,” निकिता म्हणाली. “दोन मिनिटं.”

दौलतराव आडवे झाले. कात्री चालली, चिमटा आला, दोऱ्याचा एक बारीक काळा तुकडा ट्रेमध्ये पडला. दौलतराव उठले, चपला पायात सरकवल्या आणि पट्ट्याचं दुकान कुठे आहे ते विचारत दारापर्यंत पोचले.

“काका,” निकिता मागून म्हणाली, “टाके दोन आहेत.”

दौलतराव दारात थांबले. त्यांनी बाहेर आभाळाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. मग चपला काढून ठेवल्या, परत येऊन आडवे झाले, आणि कोणी सांगायच्या आत आ केला.